पुडी आणि पाकीट

धर्मेंद्रला एखादं काम सांगावं आणि तो ‘हो’ म्हणाला, की ते काम बुडालंच म्हणून समजावं, अशी सुमित्राबाईंची तक्रार होती आणि ती त्या कुणापासून लपवतही नसत. धाकटा गजेंद्र निदान तोंडावर नाही म्हणायचा. मग त्याच्याशी भांडता यायचं, दोन शिव्या हासडता यायच्या आणि तासाभरानं तो कुरकुरत का होईना, काम करून यायचा. हा थोरला मात्र मान डोलवायचा, ‘हो आई, आणतो’ म्हणायचा, आणि लुना काढून आपल्या सरकीच्या ढेपेच्या दुकानावर जाऊन बसायचा. संध्याकाळी विचारावं तर ‘राहून गेलं आई, उद्या.’ असा उद्या, उद्या करत आठवडा गेला होता. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या तरी गोळ्यांचा पत्ता नव्हता.

गोळ्यांवाचून या घरच्या महालक्ष्म्या होत नसत. सुमित्राबाईंच्या सासूच्या काळात भादव्यात जिची तारीख यायची तिला मागच्या खोलीत बसवत, नाहीतर माहेरी धाडत, आणि ऐन सणात कामाचे दोन हात कमी व्हायचे. पुढे ओमप्रकाशनं सेलूच्या बाजारात औषधाचं दुकान टाकलं. तारीख पुढे ढकलायची गोळी मिळते हे त्याच्याकडूनच सुमित्राबाईंना कळलं, आणि ही गोळी त्यांना इतकी पसंत पडली की जणू देवीनंच स्वतःच्या सोयीसाठी ती पाठवली असावी. तेव्हापासून घरातल्या बायकांच्या तारखा त्या स्वतः ध्यानात ठेवत, गोळ्या मागवत, आपल्या हातानं वाटत, आणि समोर उभं राहून पाण्याबरोबर घ्यायला लावत.

“एवढीशी गोष्ट! आठ दिवसांपासून सांगून राह्यली. ओमप्रकाशचं दुकान काय नागपुरात हाये?” सकाळी त्यांनी नवऱ्याला, नानाजींना, विचारलं.

नानाजी ओसरीत रेडिओवर भाव ऐकत होते. “गेला असन कामात,” ते म्हणाले.

“तुमाले बी पोराचीच बाजू दिसते,” असं म्हणून सुमित्राबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या, आणि स्वतःच निघाल्या.

दुकानात गर्दी नव्हती. बाकड्यावर शेजारचे बंडूजी खोकल्याच्या औषधासाठी बसले होते. ओमप्रकाशनं काउंटरच्या आतूनच हात जोडले.

“आओ काकीजी, आओ! सणाच्या आधी तुमचे पाय लागले दुकानाले.”

“पाय कायचे लागतात, पोरगा येत नाई म्हणून यावं लागलं. दर सालच्या गोळ्या दे. दोघी सुनांच्या.”

ओमप्रकाशनं मान हलवली. तो दुकानदार होता तसाच मोठा सल्लागारही होता. विचारलं नाही तरी सांगायचा, आणि गल्ल्यापाशी उभा राहून असा बोलायचा की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरही ऐकू जावं. “प्रेरणाभाभीची तारीख सणातच येते ना? मग आजपासूनच चालू करा. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. पोटाशी तर नाहीत ना? ते आधी पक्कं इचारून घ्या. सण झाला का बंद करायच्या, मग आपोआप येईन.”

“अन् रीताची?”

“रीताभाभीले ही नको, काकीजी. त्यांचं माला-डीचं पाकीट चालूच हाये ना! त्याईले फक्त एवढं सांगा, पांढऱ्या गोळ्या संपल्या का खालच्या तपकिरी खायच्या नाई. लगेच दुसरं पाकीट चालू करायचं. मंग सणात काई भानगड नाई. मागल्या साली असंच तर केलं आपण.”

बाकड्यावर बंडूजींचा खोकला अचानक थांबला.

‘आपण’ हा शब्द सुमित्राबाईंच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. माला-डी म्हणजे काय, ते कळायला शाळा शिकावी लागत नाही. दूरदर्शनवर ती बाई पाकीट हातात धरून हसायची, आणि त्या उठून आवाज बारीक करायच्या. त्यांच्या तळपायापासून आग निघाली, पण बंडूजी समोर होते. सुमित्राबाईंनी आयुष्यात कुणापुढे ‘मले माहीत नव्हतं’ असं म्हटलं नव्हतं, आणि आज म्हणणार नव्हत्या.

“मले काय सांगतं?” त्या म्हणाल्या. “मीच तर लावली तिले. तुया ध्यानात हाये का नाई, ते पाहून राह्यली व्हती. आण त्या प्रेरणाच्या गोळ्या.”

गोळ्या घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. सगळं ठाऊक आहे असं एकदा म्हटल्यावर, ते पाकीट नेतं कोण, हे विचारायची सोय राहिली नव्हती. आणि तेव्हा ते विचारायचं त्यांना सुचलंही नाही. डोळ्यांपुढे एकच तोंड होतं, थोरल्या सुनेचं.

घरी स्वयंपाकघरात फुलोऱ्याच्या करंज्या चालल्या होत्या. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या म्हणून त्या चार दिवस आधीच तळून ठेवत. रीता कढईपाशी बसली होती, धाकटी सून प्रेरणा लाटत होती, आणि पाटावर बसून दोघींच्या चुका काढायचं काम जयवंताबाई करत होत्या. जयवंताबाई म्हणजे नानाजींची बहीण. बोरगाव मेघेहून सकाळच्या गाडीनं हातभार लावायला आलेली.

“रीता, कढई उतरव.”

“आई, घाणा आत्ताच टाकला, एवढा होऊ...”

“उतरव म्हटलं ना!”

रीतानं कढई उतरवली. तेलातल्या करंज्या कच्च्याच राहिल्या. सुमित्राबाईंनी प्रेरणापुढे गोळ्या ठेवल्या. “हे तुये. दिवसातून तीनदा, जेवण झाल्यावर.” मग त्या थोरलीकडे वळल्या. “तुये नाई आणले. तुले गरज नाई म्हणे. तुयं पाकीट चालू हाये.”

रीताच्या हातातल्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. तिनं तो परातीत ठेवला.

“कायचं पाकीट?” जयवंताबाईंनी मान पुढे काढली.

“पोट्टं होऊ नाई याचं पाकीट, जयवंताबाई! मागल्या सालापासून खाऊन राह्यली. इकडं मी गुरुवार धराले लावते, मारुतीले अनवाणी पाठवते, नातू दे म्हणून देवापुढं नाक घासते. अन् तिकडं ही बाई देवाच्या तोंडावर गोळी खाते.”

“बाप्पा!” जयवंताबाईंनी गालाला हात लावला. “घरात राहून असं? वहिनी, तुमच्या नाकाखाली?”

हे ‘नाकाखाली’ सुमित्राबाईंना चांगलंच झोंबलं. नणंदेला आपल्या घराचं हसं झालेलं पाहायची हौस आहे हे त्या पुरतं ओळखून होत्या, पण आज नणंदेशी भांडायला वेळ नव्हता.

“बोल ना,” त्या रीताला म्हणाल्या. “श्रावणात तुले उलट्या झाल्या, मले वाटलं देव पावला. मी गल्लीत साखर वाटली! बंडूजीच्या घरी वाटली! अन् आज तोच बंडूजी बाकड्यावर बसून सारं आयकत व्हता. माया तोंडाले काळं फासलं तू.”

“त्या उलट्या पुडीच्या होत्या, आई,” रीता हळू आवाजात म्हणाली. “जाम गावच्या वैदाची पुडी. मी तेव्हाच म्हटलं होतं, दिवस नाही गेले. तुम्ही ऐकलं नाही.”

“अन् पाकीट? ते घेते का नाई?”

“घेते. खोटं नाही बोलत.”

“काऊन?”

“डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. तिसऱ्या वेळेले जे झालं, त्याच्यानंतर.”

दोन मुलींच्या पाठीवर तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात रीताचा गर्भ पडला होता. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत गाडीची गादी भिजली होती. रक्त चढवावं लागलं. सुमित्राबाई बाहेर वऱ्हांड्यात माळ ओढत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईच्या खोलीतून बाहेर येऊन धर्मेंद्र म्हणाला होता, सगळं ठीक आहे आई, काही काळजी नाही. त्या दिवशी त्यांनी देवीला नवस बोलला होता.

“मले तर सारं ठीक हाये असं सांगतलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मंग ही डॉक्टरीण तुले एकटीलेच कवा भेटली?”

रीता तेलात थंड होणाऱ्या करंज्यांकडे पाहत राहिली. सुमित्राबाईंना ती मुकेपणानं आपल्याला तुडवते आहे असं वाटलं.

“प्रेरणा, ऊठ. पुलगावले फोन लाव. हिच्या भावाले, कार्तिकले सांग, संध्याकाळच्या गाडीनं ये अन् बहिणीले घेऊन जा. यंदा महालक्ष्म्या तू घरात आणजो.”

तुळशीपासून सुपात मुखवटे घेऊन, कुंकवाच्या पावलांवरून घरात यायचं, हा मान या घरात थोरल्या सुनेचा. सुमित्राबाईंनी स्वतः तो सासूकडून घेतला होता आणि रीता लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या हातात दिला होता. तो काढून घेणं म्हणजे माणूसच घरातून काढून टाकणं.

“आणि पोरी?” रीतानं विचारलं.

“पोरी या घरच्या. त्या कुठं जाणार नाई.”

आता रीता उठली. कढईच्या धगीनं लाल झालेलं तिचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि आवाज मात्र पहिल्यांदाच चढला. “आई, दर भादव्यात तुम्ही आम्हाला गोळी देता. समोर उभ्या राहून खाऊ घालता. देवीसाठी ती गोळी चालते. मग मी मरू नये म्हणून खाल्ली, ती काऊन नाही चालत?”

“लय शहाणपण नको शिकवू!” सुमित्राबाई कडाडल्या. उत्तर सापडलं नाही की त्यांचा आवाज असाच दुप्पट व्हायचा, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही होतं. त्यामुळे त्या आणखी चिडल्या. “देवीची गोळी मी उजेडात आणते, चार लोकाईसमोर. तू चोरून खाल्ली. चोरी ते चोरी!”

जयवंताबाई पाटावरून सरकत सुमित्राबाईंजवळ आल्या. “वहिनी, मी आधीच म्हणत व्हती ना. माया जावेची भाची हाये, चंचल नावाची. घरकामाले नंबर एक. हिच्या माहेरच्यांसंग बोलून, सोडचिठ्ठीचं कागदपत्र करून घेतलं, का धर्मेंद्राची सोय...”

“मंग पाहू ते,” सुमित्राबाई म्हणाल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. “प्रेरणा, फोन लावला का?”

प्रेरणा फोनपाशी गेली होती. मुखवट्यांचा मान आपल्याला, हे ऐकताना तिचे डोळे क्षणभर लकाकले होते. सुमित्राबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. लग्नाला वर्षच झालेलं, नवरा नागपूरला नोकरीत, आठवड्यातून एकदा घरी. या घरात पाय रोवायची ही संधी होती आणि पोरगी काही मूर्ख नव्हती. तिनं रिसीव्हर उचलला. नंबर फिरवायला बोट घातलं. मग रिसीव्हर परत ठेवला.

“मी नाही लावत, आई.”

“काय म्हटलं?”

“उद्या मला पोरगी झाली, परवा दुसरी झाली, तर माझ्या दादाला फोन कोण लावणार? ताई?” प्रेरणा फोनपासून हलली नाही. “मुखवटे मी नाही आणणार. ताई नसतील तर तुम्ही स्वतःच आणा.”

“आली मोठी वकील!” जयवंताबाई म्हणाल्या. “वहिनी, या नागपूरकडच्या पोट्ट्या अशाच. दोघी एक झाल्या पाह्य.”

“आत्याबाई, एक झालो तर झालो. पण मला एक सांगा,” प्रेरणा आता सासूकडे पाहूनच बोलत होती, “ताई दुकानात गेल्या कधी? मी आल्यापासून एकदाही बाजारात गेलेल्या पाहिल्या नाहीत मी. तुम्ही आम्हाला एकटीला जाऊच देत नाही.”

सुमित्राबाई तिला खडसावायला वळल्या, आणि वळता वळताच हिशेब करू लागल्या.

खरं होतं. या घरची सून एकटी बाजारात जात नव्हती. बांगड्यावाली घरी यायची, साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, दवाखान्यात जायचं तर सोबत सुमित्राबाई नाहीतर नवरा. हा नियम त्यांचाच होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मग ते पाकीट काय चिमणीनं चोचीतून आणून टाकलं? महिन्याच्या महिन्याला?

त्या ओसरीत गेल्या. नानाजींनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला होता. भांडण ऐकू येत नाही हे दाखवायची त्यांची ही जुनी रीत.

“अहो, ते पाकीट तुमी आणत व्हते काय?”

“मी?” नानाजींच्या नाकावरून चष्मा घसरला. “अवो, या वयात मी कायले...”

“तुमच्यासाठी नाई म्हटलं मी! बसा गुमान.”

गजेंद्र नागपुरात. उरला एकच. सणाच्या गोळ्या मागितल्या की पाकिटाचं बोलणं निघणार, म्हणून आठ दिवसांपासून ओमप्रकाशच्या दुकानाची पायरी चढायला टाळाटाळ करणारा. ‘राहून गेलं आई, उद्या.’ सुमित्राबाईंच्या डोक्यात सगळे तुकडे एकापाठोपाठ एक येऊन बसू लागले, आणि प्रत्येक तुकड्यागणिक त्यांचा राग एका माणसावरून उठून दुसऱ्यावर जात होता. रागाला जागा बदलताना वेळ लागतो. त्या दारातच उभ्या राहिल्या.

दुपारच्या जेवणाला धर्मेंद्र आला. अंगणात लुना लावली, गुणगुणत आत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला. उतरवलेली कढई, विझत आलेली शेगडी, भिंतीला टेकून उभी बायको, फोनपाशी भावजय, पाटावर आत्या, आणि सगळ्यांच्या मधे त्याची आई.

“काय झालं? जेवण नाही काय आज?”

“ओमप्रकाशकडे गेलती मी,” सुमित्राबाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला. तो बायकोकडे पाहू लागला.

“तिच्याकडं पाहू नको. तिनं तुयं नाव घेतलं नाई. तिले घराबाहेर काढाले निघाली व्हती मी, पोरी हिसकून घेत व्हती, तरी तिनं तुयं नाव घेतलं नाई. आता तू सांग. ते पाकीट कोन आणते?”

“आई, सणासुदीचे दिवस आहेत. आत्याबाई आल्या आहेत. नंतर निवांत बोलू ना.”

“कोन आणते?”

“मी,” धर्मेंद्र म्हणाला. “पण आई, माझं ऐकून घ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त नाही, पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. मी काय करणार होतो? ओमप्रकाशला विचारलं, डॉक्टरीणबाईची चिठ्ठी दाखवली, त्यानं सगळं समजावून सांगितलं. यात माझं काय चुकलं?”

“याच्यात नाई चुकलं. मले काय सांगतलं व्हतं तू, वऱ्हांड्यात?”

“तुमच्या जिवाला घोर नको म्हणून...”

“मायासाठी!” सुमित्राबाई एक पाऊल पुढे आल्या. “अन् मी तिले उपास धराले लावले तवा तू कुठं व्हता? अंगात रक्त नाई हे तुले माहीत, अन् मी गुरुवारी तिले पाण्यावर ठेवून राह्यली. एका तोंडानं म्हणता नाई आलं तुले, का आई, हिले जेवू दे?”

“मी हिला म्हटलं होतं, आईचं मन राखून घे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

“थोड्या दिवसांचा!” हे रीता बोलली. सगळे तिच्याकडे वळले. “मी म्हणत होते, सांगून टाका. तुम्ही म्हणाले, पोळ्यानंतर सांगतो. मग दिवाळीनंतर. मग संक्रांत झाल्यावर. मग म्हणाले, आईची तब्येत बरी नाही. मीच सांगते म्हटलं, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून पोरींची शपथ घातली.”

सुमित्राबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यांना आता आणखी एक गोष्ट आठवली.

“अन् ती पुडी? जामच्या वैदाची. पोरगा व्हावा म्हणून मी मागवत व्हती ते. ते कोन आणून देत व्हतं मले?”

धर्मेंद्र खाली पाहू लागला.

“ढेपेचा ट्रक पाहाले जामले जातो म्हणे, येताना तुयी पुडी आणतो म्हणे. हो आई, आणली आई. तूच ना?”

“तुम्ही सांगितलं म्हणून आणत होतो,” तो म्हणाला.

“पुडी अन् पाकीट, दोन्ही?”

“एकाच पिशवीत, आई,” रीता म्हणाली. “वरून पुडी तुम्हाला द्यायचे. खालचं पाकीट मला.”

प्रेरणाच्या तोंडून हुंदका निघाला, की हसू, ते कळलं नाही. नानाजींनी ओसरीत रेडिओ बंद केला.

“एका हातानं पोरगा होवो म्हणून,” सुमित्राबाई सावकाश म्हणाल्या, जणू हे वाक्य त्यांना स्वतःलाच समजावून घ्यायचं होतं, “अन् दुसऱ्या हातानं होऊ नाई म्हणून. अन् उलटी झाली तवा मी साखर वाटली, तुया बी हातावर ठेवली. तू खाल्ली. ‘गोड झालं आई’ म्हटलं.”

“आता जाऊ दे ना वहिनी,” जयवंताबाई मधे पडल्या. वारं कुठल्या बाजूनं वाहतंय, ते त्यांना कळेनासं झालं होतं. “पोरगं भोळं हाये. माय बी राखली, बायको बी राखली.”

“तुमी चूप बसा. घर तोडाले चंचल घेऊन आल्या, अन् आता...”

“घर तोडाले?” जयवंताबाई फणकारल्या. “मायावर कायले टाकता? मी आपल्या मनानं थोडीच शोधली! राखीले आला व्हता हा माया घरी, त्यालेच इचारलं मी. नाई म्हटलं असतं तर मी कायले पुढं गेली असती? हाच म्हणाला, ‘पाहून ठेवा आत्या, आईची इच्छा असन तर पाहू.’”

रीता भिंतीपासून दूर झाली. नवऱ्याकडे तिनं असं पाहिलं, जसं रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडेही कुणी पाहत नाही.

“मी काय हो म्हटलं होतं का?” धर्मेंद्र घाईनं म्हणाला. “आत्याचं मन मोडू नये म्हणून तोंडदेखलं म्हटलं. रीता, तुझी शपथ. आई, तुम्हीच सांगा हिला.”

आणि त्यानं पाट ओढला. वादळ आता निवेल, आई दोन शिव्या देईल आणि मग ताट वाढेल, अशा सवयीनं.

“बसू नको,” सुमित्राबाई म्हणाल्या. “उभाच राह्य अन् आयक.”

त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. घरातल्या माणसांना त्यांच्या आरडाओरड्याची सवय होती. हा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“नातू मले पाहिजे व्हता. आजबी पाहिजे. ते मी कोनाच्या बापाले भिऊन लपवत नाई. रीतानं मायापासून लपवलं, त्याच्यासाठी मी तिच्यासंग भांडीन, अन् ती याच घरात राहून मायासंग भांडीन. कार्तिकले फोन जाणार नाई. जयवंताबाई, तुमची चंचल तुमच्यापाशी ठेवा. महालक्ष्म्या रीताच आणीन. पूजेले मातर तू बसायचं नाई, गजेंद्र अन् प्रेरणा बसतीन. लोक इचारतीन, थोरला कुठं हाये. मी सांगीन त्याईले, एकेकाले, ताटावर बसवून सांगीन. उपास आजपासून बंद. अन् पाकीट आता मी आणीन. ओमप्रकाशच्या दुकानात उभी राहून, नाव घेऊन मागीन. बंडूजी आयको, नाईतर सारं सेलू आयको.”

“आई, मी...”

“मायं झालं नाई. तू कदी बायकोवर हात उगारला नाई. मले कदी उलटून बोलला नाई. गाव म्हणते, सुमित्राबाईचा थोरला म्हणजे देवमाणूस. मी तुयी माय हाये धर्मेंद्र, तू काय हाये ते मी सांगते. मारणाऱ्याचा हात तरी दिसते; बाईले ओरडता येते, पळता येते. तू दोघींच्या मंधात बसून दोघींले गोड बोलत राह्यला. मी तिले उपाशी मारत व्हती, ती मले मनात शिव्या देत व्हती, आमी एकमेकींच्या उरावर बसलो, अन् तू रोज दुपारी येऊन पहिल्या पंगतीले जेवत व्हता. आता तुयी पंगत गेली. या घरात आधी रीता जेवीन. पोटभर, गरम, मी वाढीन तिले. ती हात धुऊन उठली, का मंग जे उरीन ते तुया ताटात.”